टीबीची गोळी, तिचं पेटंट आणि दोन रुग्णांचा राग

क्षयरोगावरची काही इंजेक्शनं रुग्णाला कायमचं बहिरं करू शकतात, हे वैद्यकाला 1940च्या दशकापासून ठाऊक आहे. स्ट्रेप्टोमायसिन नवं होतं तेव्हाच काही रुग्णांचे कान गेले होते. पुढे त्याच कुळातली कॅनामायसिन, अमिकासिन ही औषधं आली. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी, ज्याला सगळे एमडीआर म्हणतात त्यासाठी, ती गेल्या दशकापर्यंत सर्रास टोचली जात होती. रोजची सुई, तीही महिनोन्महिने.

कान नेमके कसे जातात? जीवाणूच्या पेशीत प्रथिनं घडवण्याचं काम रायबोसोम करतात. कॅनामायसिन त्यांना जाऊन चिकटतं, प्रथिनं चुकीची घडू लागतात आणि जीवाणू मरतो. माणसाच्या पेशीतले रायबोसोम वेगळ्या घडणीचे, म्हणून आपण बचावतो. पण पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमशी नातं सांगतात, कारण फार फार पूर्वी मायटोकॉन्ड्रिया हे स्वतंत्र जीवाणूच होते. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केशपेशी असतात, एका कानात साधारण 15 हजार. आवाजाच्या लहरीने त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म तंतू वाकतात, त्यासरशी पेशीची छिद्रं उघडतात आणि विद्युतभारित कण आत शिरतात. त्यातूनच मेंदूकडे संदेश जातो. कॅनामायसिनचे रेणूही धनभारित असतात आणि ते याच छिद्रांतून आत जातात. एकदा आत गेले की सहसा बाहेर पडत नाहीत, साठत राहतात आणि शेवटी पेशी मारतात. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा तयार होतात. माणसाच्या कानात होत नाहीत.

आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. रोजचं बोलणं खालच्या पट्टीत चालतं, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. कान वाजायला लागतात, मग एखाद्या दिवशी समोरच्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. वेळोवेळी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली तर आधीच कळतं, पण किती रुग्णांची ती होत होती?

मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शाची फुमेझा टिसिले या दोघींचेही कान असे गेले. दोघीही तेव्हा ऐन तारुण्यात होत्या. नंदिता भरतनाट्यम नर्तकी. फुमेझाने बरं होईपर्यंत सुमारे 20 हजार गोळ्या गिळल्या होत्या. टीबीतून दोघी वाचल्या. पण त्याच काळात बहिरेपणाचा धोका नसलेली एक गोळी कारखान्यात तयार होत होती, हे कळल्यावर कुणाच्याही मनात जो संताप उसळेल तो त्यांच्याही मनात उसळला. त्या संतापाचं त्यांनी काय केलं, त्यासाठी हा लेख लिहितो आहे.

त्या गोळीचं नाव बेडाक्विलीन. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेल्जियममधल्या प्रयोगशाळेत कोएन अँड्रीस यांच्या गटाने ती शोधली. या संशोधकांनी टीबीच्या जंतूचा एक निरुपद्रवी आणि भराभर वाढणारा चुलतभाऊ घेतला आणि त्याच्यावर हजारो रेणू आजमावले. टीबीचा जंतू स्वतः फार संथ आहे. पोटातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ एक दिवस लागतो. शिवाय तो फुप्फुसात झोपल्यासारखा पडून राहू शकतो. बहुतेक प्रतिजैविकं वाढणाऱ्या जंतूवर हल्ला करतात, म्हणून झोपलेला जंतू निसटतो आणि उपचार लांबत जातात.

झोपलेल्या जंतूलाही थोडी ऊर्जा लागतेच. ती एटीपी या रेणूच्या रूपात तयार होते आणि ती तयार करणारं प्रथिन खरोखर फिरतं. पेशीच्या पडद्यात बसवलेली पाणचक्कीच ती. पडद्याच्या एका बाजूला साचलेले प्रोटॉन तिच्यातून वाहतात, चाक फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात एटीपीचे रेणू बाहेर पडतात. बेडाक्विलीन थेट त्या चाकाला जाऊन चिकटतं आणि चाक अडतं. जंतू जागा असो की झोपलेला, त्याची ऊर्जा तुटते. असंच चाक आपल्या मायटोकॉन्ड्रियातही आहे, पण त्याच्यावर औषधाची पकड खूपच ढिली. हृदयाच्या ठोक्यांवर थोडा परिणाम होतो, त्यामुळे ईसीजी काढत राहावं लागतं. कानाला मात्र धक्का लागत नाही.

डिसेंबर 2012मध्ये अमेरिकेने या औषधाला मंजुरी दिली. टीबीवर नव्या पद्धतीने काम करणारं औषध येऊन तेव्हा 40 वर्षं उलटून गेली होती.

मग ते रुग्णांपर्यंत का पोहोचत नव्हतं? सरकारांची अतिसावधगिरी हे एक कारण होतंच. आपल्याकडे 2016मध्ये मोजक्या केंद्रांवर, मोजक्या रुग्णांसाठी ते सुरू झालं. 2016च्या अखेरीस पाटण्याच्या एका मुलीला हे औषध मिळावं म्हणून तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. दुसरं कारण किंमत. कंपनीने सहा महिन्यांच्या कोर्सच्या तीन किमती ठरवल्या होत्या: गरीब देशांना 900 डॉलर, मध्यम उत्पन्नाच्या देशांना 3,000 आणि श्रीमंत देशांना 30,000. गोळी तीच, कारखाना तोच. संशोधकांनी कच्च्या मालापासून हिशेब मांडला, तेव्हा मोठ्या प्रमाणात उत्पादन झालं तर कोर्स साधारण 100 डॉलरच्या आत बसू शकतो असं दिसलं.

संशोधनाचा खर्च कुणी भरून काढायचा, असं कंपन्या विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि या औषधाच्या बाबतीत त्याचं उत्तरही शोधलं गेलं आहे. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बेडाक्विलीनवर कंपनीचे 9 ते 24 कोटी डॉलर खर्च झाले. करदात्यांचा आणि सार्वजनिक निधीचा वाटा 45 ते 75 कोटी डॉलरच्या घरात होता. चाचण्यांचं मोठं ओझं सार्वजनिक पैशाने उचललं होतं आणि दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांतल्या रुग्णांनी त्यासाठी स्वतःचं शरीर दिलं होतं. औषध कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर केवळ पेटंटच्या कागदावरून देणं मला पटत नाही.

तो कागदही नीट पाहिला पाहिजे. बेडाक्विलीनच्या रेणूचं मूळ पेटंट 20 वर्षांचं, म्हणजे जुलै 2023मध्ये संपणारं. त्याआधीच कंपनीने दुसरा अर्ज केला होता, त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारासाठी. तो मंजूर झाला असता तर भारतातली मक्तेदारी 2027च्या अखेरपर्यंत लांबली असती.

क्षार म्हणजे काय ते शाळेत शिकलेलंच आहे: आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार. बेडाक्विलीन हा दुर्बळ आम्लारी आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. अशा औषधाची टिकाऊ, पोटात नीट शोषली जाणारी गोळी बनवायची तर त्याचा एखाद्या आम्लाशी क्षार करणं ही औषधनिर्माणातली पहिली पायरी असते. मूठभर आम्लं ठरलेली असतात, ती एकेक करून पाहायची. फ्युमरिक आम्ल त्यातलंच. आपल्या पेशींतही ते सतत तयार होत असतं आणि इतर औषधांच्या गोळ्यांमध्ये ते पूर्वीपासून वापरात आहे. फार्मसीच्या कुठल्याही अनुभवी तंत्रज्ञाने ते आजमावून पाहिलंच असतं. मग यात शोध कोणता?

भारताच्या पेटंट कायद्यात 2005पासून कलम 3(ड) आहे. माहीत असलेल्या पदार्थाचा नवा क्षार, नवा स्फटिक किंवा तत्सम रूप याला पेटंट मिळत नाही, रोगावरचा गुण लक्षणीय वाढला हे दाखवल्याशिवाय. याच कलमावर 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिबच्या नव्या स्फटिकाचं पेटंट नाकारलं होतं. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जिची कल्पना फार थोड्यांना असते: पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही त्याला हरकत घेऊ शकतं. त्यासाठी स्पर्धक कंपनी असण्याची गरज नाही.

फेब्रुवारी 2019मध्ये नंदिता आणि फुमेझा यांनी मेदसां सां फ्रॉन्तिएर या डॉक्टरांच्या संघटनेच्या पाठबळावर अशी हरकत दाखल केली. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयातला. आमच्यावर अन्याय झाला, एवढं म्हणून त्या थांबल्या नाहीत. रेणू आधीच ज्ञात आहे, त्याचा क्षार करणं कुठल्याही जाणकाराला सहज सुचणारं आहे आणि त्याने रोगावरचा गुण वाढत नाही, असा रसायनशास्त्रावर आधारलेला युक्तिवाद त्यांनी मांडला. चार वर्षांनी, मार्च 2023मध्ये, पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

भारताबाहेर मात्र अनेक देशांत हे दुसरं पेटंट शाबूत होतं. जुलै 2023 जवळ आला तसा लोकांचा रोष वाढला. अमेरिकेतल्या एका लोकप्रिय लेखकाने त्यावर व्हिडिओ केला आणि हजारोंनी कंपनीला जाब विचारला. त्याच आठवड्यात जागतिक टीबी औषधपुरवठा यंत्रणेला स्वस्त जेनेरिक, म्हणजे इतर कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाच्या, गोळ्या पुरवू देण्याचा करार जाहीर झाला. त्याची बोलणी आधीपासून चालू होती, तेव्हा सगळं श्रेय व्हिडिओला देता येत नाही. ऑगस्टमध्ये नवे दर आले, तेव्हा मुंबईच्या ल्युपिन कंपनीने सहा महिन्यांचा कोर्स 194 डॉलरला देऊ केला. सप्टेंबरअखेर जॉन्सन अँड जॉन्सनने 134 गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दुसरं पेटंट लागू करणार नसल्याचं सांगितलं.

कारखान्यात तयार होणाऱ्या रेणूत या काळात एका अणूचाही फरक पडला नव्हता.

लढाई एवढ्यावर संपलेली नाही. औषध द्यायचं तर कुठला टीबी आहे ते आधी कळायला हवं. थुंकीतला जंतू आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या नेहमीच्या औषधाला त्याचा असलेला प्रतिकार दोन तासांत दाखवणाऱ्या जीनएक्स्पर्ट यंत्राचं एकेक कार्ट्रिज, म्हणजे एका तपासणीपुरती डबी, वर्षानुवर्षं गरीब देशांना 9.98 डॉलरला मिळत होतं. ‘पाच डॉलरला द्या’ अशी मोहीम कार्यकर्त्यांनी चालवली आणि 2023च्या सप्टेंबरमध्ये ते 7.97 डॉलरवर आलं. अधिक प्रखर प्रतिकार तपासणारं कार्ट्रिज तेव्हाही 14.90 डॉलरवरच राहिलं. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पोहोचलं आहे, आणि दर खाली खेचायला दुसरा विक्रेता हाच सर्वात खात्रीचा उपाय आहे असं मला वाटतं.

आता बेडाक्विलीनलाही दाद न देणारे जंतू दिसू लागले आहेत. हे औषध शरीरात महिनोन्महिने रेंगाळतं. रुग्णाने उपचार मध्येच सोडले, तर सोबतची औषधं काही दिवसांत निघून जातात आणि बेडाक्विलीन एकटं, अपुऱ्या मात्रेत उरतं. प्रतिकार वाढायला जंतूला याहून सोयीची स्थिती नाही. त्याच्या आरव्ही 0678 या जनुकात बिघाड झाला की औषध बाहेर फेकणारे पंप जास्त तयार होतात. हा बिघाड त्या जनुकात कुठेही होऊ शकतो. म्हणून रिफॅम्पिसिनच्या प्रतिकारासाठी तपासतात तशी जनुकातली ठरावीक जागा तपासून भागत नाही, सगळं जनुक वाचावं लागतं किंवा जंतू वाढवून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. आरोग्य केंद्रात तासाभरात, परवडणाऱ्या दरात ही तपासणी करणारं कार्ट्रिज अजून कुणाकडेच नाही. ते येईल तेव्हा त्याच्या पेटंटचे अर्जही येतील आणि मुंबईच्या पेटंट कार्यालयात हरकतीचा दरवाजा आजही उघडा आहे.