एकच मणका, एकच एमआरआय, तरी सर्जनची मतं वेगळी का? ठिसूळ मणक्यांच्या वर्गीकरणामागची गोष्ट

सत्तरीतली बाई बाथरूममध्ये घसरते, किंवा नुसती भरलेली बादली उचलते, आणि कमरेत जी कळ येते ती जातच नाही. दोन-तीन आठवडे मलम, शेक, पेनकिलर चालतं, मग एक्सरेत दिसतं की डी-१२ नाहीतर एल-१ चा, म्हणजे पाठ आणि कंबर जुळतात तिथला, मणका दबलाय. पुढे एक डॉक्टर सांगतात पट्टा लावा, हाडांची औषधं सुरू करा, दुसरे सांगतात सिमेंट भरून टाकू, तिसरे म्हणतात स्क्रू-रॉड लागेल. घरच्यांना वाटतं यातलं कोणीतरी फसवतंय. कुठे तसंही होत असेल, पण माझ्या मते मतभेदाचं मोठं कारण वेगळंय, ते असं की हे मणके मोजायला आपण कित्येक वर्षं जी मापं वापरली ती मुळात या हाडांसाठी बनलेलीच नव्हती.

हॅम्बुर्गच्या हर्मन क्युमेल यांनी १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात असे पेशंट नोंदवले ज्यांना मार किरकोळ लागला होता, मधे बरंही वाटलं होतं, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पाठीला कुबड आलं. एक्सरेचा शोध लागला १८९५ च्या शेवटी, म्हणजे हे निरीक्षण फोटोशिवायचं! मणका हळूहळू खचत जातो ही गोष्ट तेव्हाच कोणीतरी टिपली होती, पण वर्गीकरणाची गाडी गेली दुसऱ्याच दिशेला.

१९६३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डचे होल्ड्सवर्थ यांनी मणक्याचे दोन कॉलम, म्हणजे पुढचा आणि मागचा असे उभे भाग, मांडले, त्यांच्याकडे खाणीत जखमी झालेले कामगार यायचे. १९८३ मध्ये डेनिस यांनी ४१२ केसेस बघून तीन कॉलम केले. १९९४ मध्ये मागर्ल आणि सहकाऱ्यांनी १४४५ केसेसवरून एओ या हाडांच्या सर्जनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं ए-बी-सी वर्गीकरण आणलं, उपप्रकार धरून एकूण ५३. हे सगळं मुख्यतः जोराच्या माराचं, म्हणजे उंचावरून पडणं, गाडीचा अपघात. चांगलं घट्ट हाड एका क्षणात मोडतं तेव्हा कसं मोडतं याचा तो अभ्यास होता. आणि तरी एकमत किती? २००५ मध्ये वुड आणि सहकाऱ्यांनी या विषयातल्या १९ सर्जनना ३१ फ्रॅक्चर दाखवली, तीन महिन्यांनी तीच परत दाखवली. कप्पा डेनिसला साधारण ०.६ आणि एओला ०.४७ च्या आसपास.

कप्पा म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण सगळी चर्चा याच आकड्यावर चालते. दोघं डॉक्टर डोळे मिटून उत्तरं देत बसले तरी काही उत्तरं जुळणारच, ते नशिबाने जुळलेलं वजा करून जे एकमत उरतं ते कप्पा. १ म्हणजे पूर्ण जुळलं, ० म्हणजे नशिबाइतकंच. कोहेन यांनी हे १९६० मध्ये दिलं, फ्लाइस यांनी १९७१ मध्ये अनेक परीक्षकांसाठी वाढवलं, आणि ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० चांगलं ही जी पायरी सगळे वापरतात ती लँडिस आणि कॉख यांची, १९७७ ची, आणि त्या दोघांनीच लिहून ठेवलंय की या सीमा मनाने ठरवलेल्या आहेत.

ठिसूळ हाडांसाठी खास माप आलं १९९३ मध्ये, जेनंट यांचं. पण तेही सर्जनसाठी नव्हतं, औषधांच्या ट्रायल आणि सर्व्हेमध्ये रेडिओलॉजिस्टना एक्सरे पटापट वाचता यावेत म्हणून होतं. उंची २० ते २५ टक्के कमी झाली तर ग्रेड १, २५ ते ४० ग्रेड २, त्यापुढे ग्रेड ३. आता हिशोब करून बघा, मणक्याची उंची २५ मिलिमीटर धरली तर ग्रेड १ म्हणजे ५ ते सव्वासहा मिलिमीटर घट, सगळा पट्टा सव्वा मिलिमीटरचा! एक्सरे थोडा तिरका आला तरी तेवढा फरक पडतो, त्यात लहानपणापासून पाचरीसारखा असलेला मणका किंवा वाढत्या वयात मणके पाचरीसारखे करणारा श्युअरमन आजार यांची भर. म्हणून वाद सौम्य ग्रेडवरच जास्त होतात. आणि या ग्रेडवरून फ्रॅक्चर ताजं की जुनं ते कळत नाही, मागची भिंत मज्जारज्जूकडे सरकलीये का तेही नाही, सर्जनला तर नेमकं तेच हवं असतं.

ताजं-जुनं हा प्रश्न सिमेंटमुळे ऐरणीवर आला. व्हर्टिब्रोप्लास्टी, म्हणजे सुईने मणक्यात सिमेंट भरणं, १९८४ मध्ये फ्रान्सच्या आमिएँमध्ये सुरू झाली, तीही आधी मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. मग ठिसूळ मणक्यांसाठी सगळीकडे पसरली, आणि २००९ मध्ये दोन ट्रायल एकदम आल्या, ऑस्ट्रेलियाची आणि अमेरिकेच्या पुढाकाराने झालेली, दोन्हींत खोटी प्रोसिजर केलेल्या पेशंटनाही तितकाच आराम. लगेच आक्षेप आला की वर्षभरापर्यंतचं दुखणं असलेले पेशंटही यात घेतले होते. कोणता मणका कोणत्या गटात याचंच एकमत नसेल तर ट्रायलचा निकाल कोणाला लावायचा?

मला वाटतं खरं वळण जर्मनीत आलं. तिथल्या डीजीओयू या ऑर्थोपेडिक-ट्रॉमा संघटनेच्या गटाने ओएफ वर्गीकरण केलं, श्नाके आणि सहकाऱ्यांचा पेपर २०१८ चा. ओएफ-१ म्हणजे एक्सरेत काहीच नाही, एमआरआयच्या स्टर सिक्वेन्समध्ये, म्हणजे सूज ठळक दाखवणाऱ्या फोटोंमध्ये, फक्त सूज. ओएफ-२ मध्ये मणका दबलाय पण मागच्या भिंतीला फारशी इजा नाही, एक-पंचमांशापेक्षा कमी. ओएफ-३ मध्ये त्यापेक्षा जास्त, ओएफ-४ मध्ये मणक्याची चौकटच कोसळलेली, ओएफ-५ मध्ये खेचण्याची किंवा पिळवटण्याची इजा. कप्पा ०.६ च्या वर. नंतर एओची मणक्याची शाखा एओ स्पाइन हिने वेगवेगळ्या देशांतल्या शेकडो सर्जनकडून तपासून घेतलं, तिथेही एकमत चांगलं आलं. एओच्या २०१३ च्या सुधारित वर्गीकरणात ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, नुसता एक शेपटीसारखा जोडलेला शेरा होता, एम-२, इथे सुरुवातच या हाडापासून झाली.

पण याला जोडून जो ओएफ स्कोअर आहे त्यात प्रकाराचा आकडा दुप्पट करून धरतात, मग दुखणं, चालता येतंय का, मणका अजून खचतोय का, तब्येत कशी याचे गुण मिळवायचे किंवा वजा करायचे. ५ पर्यंत ऑपरेशन नको, ६ ला दोन्ही चालतं, ६ च्या वर ऑपरेशन. समजा बाकीच्या गोष्टींचा १ गुण झाला. एका सर्जनने ओएफ-२ म्हटलं तर ४ अधिक १, म्हणजे ५, पट्टा. दुसऱ्याने तीच मागची भिंत बघून ओएफ-३ म्हटलं तर ७, ऑपरेशन. दोघंही प्रामाणिक, दोघंही पुस्तकाप्रमाणेच. सेकंड ओपिनियनला जाताना म्हणून नुसता 'कम्प्रेशन फ्रॅक्चर' लिहिलेला कागद नेऊ नका, सीडी न्या, उभं राहून काढलेला एक्सरे न्या, आणि प्रकार कोणता धरला ते सरळ विचारा.

भारतात आणखी एक पायरी या सगळ्याच्या आधी येते. दबलेला मणका ऑस्टिओपोरोसिसचाच आहे की टीबी, मायलोमा (अस्थिमज्जेचा कॅन्सर) किंवा दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, हे ठरल्याशिवाय ओएफचा आकडा लावण्यात अर्थ नाही, आणि शंका असेल तर सिमेंट भरताना त्याच सुईतून हाडाचा तुकडा बायोप्सीला पाठवता येतो.