पार्श्वभूमी : ‘इनडोअर’ म्हणजे नेमकं कुठे?

1830च्या दशकात काचेच्या बंद पेट्यांतून बोटीने रोपं नेता येऊ लागली आणि उष्ण, दमट जंगलांतली झाडं युरोपात पोचली. फिलिपिन्सकडची फॅलेनोप्सिस ऑर्किड (पुढे ‘ऑर्किड’ म्हणजे हीच) गेली, 1870च्या दशकात कोलंबियाचं अँथुरियमही गेलं. तिथे ती तापवलेल्या काचघरात ठेवायची, कारण बाहेर गारठून मरत. ‘इनडोअर’चा अर्थ तेव्हा एवढाच.

मुंबईत ही अडचण कधीच नव्हती. इथे झाडं आत आली ती गॅलऱ्या खोलीत घेतल्या गेल्या म्हणून. स्लाइडिंग खिडकी बसली, बाहेर उरली ग्रिल. मग ‘इनडोअर’ म्हणजे ‘अंधारात चालणारं झाड’ असा अर्थ रुळला आणि घोळ इथेच झाला. पीस लिली (नावापुरती लिली, कूळ अळूचं) खिडकीपासून दहा फुटांवर हिरवी राहते, फुलत नाही. विकत आणताना असलेली फुलं अनेकदा जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाच्या फवारणीची असतात, हे विकणारा सांगत नाही. घरी पुन्हा फूल हवं तर कुंडी पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांत हवी. दुपारचं थेट ऊन मात्र नको, पानं करपतात.

शब्दामागोमाग सूचनाही तिकडच्याच आल्या. ‘पानांवर रोज पाणी फवारा’ हा सल्ला हीटरने कोरड्या पडलेल्या घरांसाठीचा. जुलैत इथली हवा आधीच ओलीचिंब असते. ऑर्किडच्या मधल्या कोंबात पाणी साचून राहिलं तर तो काही दिवसांत सडतो, पान ओढताच हातात येतं.

1960नंतर टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून ढिगाने रोपं करण्याच्या पद्धतीने) रोपं स्वस्त केली. ती येतात कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), कारण ते वजनाला हलकं. पावसाळ्यात ते वाळतच नाही. रोप कुंडीतून उपसलं की अनेकदा मुळांच्या मधोमध जाळीची छोटी वाटी निघते. कडेची मुळं पांढरी, वाटीतला गोळा काळा. जाळी कात्रीने कापावी, काळी मुळं काढावीत. ऑर्किड कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणात लावावं. अँथुरियमला निम्मे कोळसा-विटांचे तुकडे, उरलेल्यात सोडण आणि कुजलेलं शेणखत. नुसती लाल माती दोघांनाही नको, पावसाळ्यात ती घट्ट बसते.

राहिला ऑर्किडचा फुलोरा. दांडा फुटायला काही आठवडे तापमान साधारण 26 अंशांखाली लागतं. मुंबईत ते डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हमखास मिळतं आणि नेमक्या त्याच दिवसांत खिडक्या बंद होतात. त्या दोन महिन्यांत कुंडी रात्री ग्रिलमध्ये ठेवावी. पुढे पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक डोकावलं की निरखून पाहावं : गुळगुळीत, गोल असेल तर मूळ, चपटं आणि एका बाजूला खाच असेल तर दांडा.