६१४वी आज्ञा

ज्यू धर्मात परंपरेनं ६१३ आज्ञा मानतात, त्यातल्या २४८ 'हे कर' सांगणाऱ्या आणि ३६५ 'हे करू नको' सांगणाऱ्या. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका परिसंवादात ज्यू तत्त्वज्ञ एमिल फाकेनहाइम यांनी त्यात आणखी एकीची भर घातली: हिटलरला मेल्यानंतर विजय मिळवून द्यायला ज्यूंना मनाई आहे. म्हणजे ज्यूंनी ज्यूपण सोडून त्याचं अर्धवट राहिलेलं काम स्वतःच पुरं करायचं नाही.

फाकेनहाइम (१९१६-२००३) मूळचे जर्मनीचे. १९३८ च्या नोव्हेंबरमधल्या क्रिस्टालनाख्तच्या (नाझींनी देशभर ज्यूंवर केलेल्या हल्ल्यांच्या) धरपकडीत सापडले, झाक्सनहाउझन छळछावणीत काही महिने काढले, सुटल्यावर रब्बी (ज्यू धर्मगुरू) झाले, स्कॉटलंडला पळाले तर तिथे ब्रिटिशांनी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पुन्हा डांबलं आणि कॅनडाला धाडलं. पुढे टोरांटो युनिव्हर्सिटीत तत्त्वज्ञान शिकवलं, जर्मन तत्त्वज्ञ हेगेल हा खास विषय. इतकं भोगूनही बरीच वर्षं त्यांचं म्हणणं हेच, की मसीहा (ज्यू ज्याची वाट बघतात तो तारणहार) येईपर्यंत जगात काहीही घडो, ज्यू श्रद्धेला त्यानं धक्का लागत नाही.

मग त्यांचं मत बदललं. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा देवाशी मेळ कसा घालायचा, यावर आसपास वाद पेटलेलाच होता. अमेरिकन रब्बी रिचर्ड रुबेनस्टाइन १९६६ मध्ये म्हणाले की ऑशविट्झच्या मृत्युछावणीनंतर इतिहास चालवणारा देव मानताच येणार नाही, सातमार या कट्टर पंथाचे रब्बी तायटेलबाउम त्या संहाराला झायोनिझमच्या, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र उभारायच्या चळवळीच्या, पापाची शिक्षा म्हणत होते (हे ऐकवतही नाही), आणि नंतर आणखी एक रब्बी एलिझर बेर्कोविट्स यांनी माणसाला मोकळीक मिळावी म्हणून देव तोंड लपवतो असं मांडलं. फाकेनहाइमनी 'का झालं' हा प्रश्नच सोडून दिला. त्यांनी बघितलं की देव न मानणारे ज्यूसुद्धा ज्यू राहायचं सोडत नाहीयेत, पोरांना ज्यू म्हणूनच वाढवतायत. आणि ही साधी गोष्ट नव्हती, कारण नाझी कायद्यात आजी-आजोबांचा धर्म बघून माणूस ज्यू ठरायचा, म्हणजे आज पोराला ज्यू ठेवणं म्हणजे उद्याच्या नातवाचा जीव पणाला लावणं. तरी लोक ठेवतायत, म्हणजे कुठली तरी आज्ञा पाळतायत, असा त्यांचा तर्क. या आज्ञेत मेलेल्यांना विसरायचं नाही, माणसावरची आणि इस्रायलच्या देवावरची आशा सोडायची नाही, हेही आलं.

ज्यू तत्त्वज्ञ मायकेल विशोग्रॉड यांनी यावर जोरदार टीका केली: ज्याला देवच मान्य नाही त्याला आज्ञा देणार कोण, आणि हिटलरला चिडवायला म्हणून कोणी कशाला धर्म पाळावा? पहिल्या भागाचं समाधानकारक उत्तर फाकेनहाइमकडे होतं असं वाटत नाही. ते स्वतः मात्र १९८० च्या दशकात कॅनडा सोडून जेरुसलेमला राहायला गेले.