‘पासून’, ‘कार्पेट’ आणि एक तारा: घरांच्या जाहिरातींतल्या मोघम शब्दांची पार्श्वभूमी

गुढीपाडव्याच्या आदल्या रविवारचं वर्तमानपत्र उघडलं की पहिली चार पानं घरांच्या जाहिरातींचीच असतात. ‘४५ लाखांपासून*’, ‘स्टेशनपासून ५ मिनिटांवर’, ‘प्रशस्त टू बीएचके’, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’. यातलं एकही वाक्य खोटं आहे म्हणून कोर्टात सिद्ध करणं सोपं नाही. ‘पासून’ म्हणजे इमारतीतल्या सगळ्यात लहान, सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटची किंमत. पाच मिनिटं रात्री दोन वाजता गाडीने की सकाळी साडेआठला रिक्षाने, हे लिहिलेलं नसतं. किलोमीटर मोजता येतो, म्हणून तो जाहिरातीत क्वचित दिसतो. ‘प्रशस्त’ हे मत झालं. आणि ताऱ्याचा अर्थ पानाच्या तळाशी, भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या अक्षरांत.

विक्रेत्याने आपल्या मालाची थोडी फुशारकी मारावी आणि गिऱ्हाइकाने ती तेवढ्यापुरतीच घ्यावी, ही समजूत बाजाराइतकीच जुनी. इंग्रजी कायद्याने तिला मान्यता दिली आणि मर्यादाही घातली. लंडनच्या एका कंपनीने ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नावाचं नाकात ओढायचं औषध काढलं. सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर शंभर पौंड देऊ, आणि आमची नियत साफ आहे हे दाखवायला हजार पौंड बँकेत ठेवले आहेत, अशी तिची जाहिरात होती. एका बाईने औषध वापरलं, तिला इन्फ्लुएंझा झाला, तिने शंभर पौंड मागितले. ही तर नुसती फुशारकी होती, असं कंपनीने कोर्टात सांगितलं. १८९२ मध्ये अपील कोर्टाने ते मानलं नाही. कंपनी अडकली ती आकड्यामुळे आणि बँकेच्या उल्लेखामुळे. या निकालातून ग्राहकांना हक्क मिळाला, आणि जाहिरात लिहिणाऱ्यांना धडा: जे ठाम सांगाल ते अंगावर येईल, जे मोघम सांगाल ते येणार नाही. आपला १८७२ चा करार कायदा त्याच परंपरेतला. जाहिरात म्हणजे सहसा प्रस्ताव नव्हे, प्रस्ताव घेऊन या असं निमंत्रण, ही त्यातली समजूत बिल्डरांच्या माहितीपुस्तिकांच्या शेवटच्या पानावर आजही छापलेली सापडते.

महाराष्ट्रात या गोष्टीला वेगळं वळण लागलं ते १९६३ मध्ये. मालकी हक्काच्या फ्लॅटची विक्री मुंबईत नवीन होती आणि फसवणूक उघड दिसत होती, म्हणून राज्याने फ्लॅटविक्रीचा स्वतंत्र कायदा केला, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. बिल्डरने काय काय उघड करायचं याची यादी त्यात आहे. ग्राहकाकडून मोठी आगाऊ रक्कम घेण्याआधी करारनामा करून तो नोंदवायचा, असंही त्यात आहे. आणि आजही अनेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे, जाहिरातीत कार्पेट क्षेत्रफळ द्यायचं, बाल्कनी वेगळी दाखवायची आणि फ्लॅट कार्पेटवरच विकायचा, ही तरतूद याच मोफात ‘रेरा’च्या, म्हणजे २०१६ च्या घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या, कितीतरी आधीपासून आहे. जिना, लिफ्ट, लॉबी यांचे पैसे वेगळे लावायची मुभा होती, पण वेगळे दाखवून. म्हणजे कायदा नव्हता असं म्हणायला जागा नाही. कायदा होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत साऱ्या राज्यात ‘सुपर बिल्ट-अप’वर घरं विकली जात होती.

‘सुपर बिल्ट-अप’ या शब्दाला कोणत्याही कायद्यात व्याख्या नव्हती आणि आजही नाही. त्याची सगळी ताकद तिथेच आहे. कार्पेट म्हणजे भिंतीच्या आतली, जिथे गालिचा अंथरता येईल तेवढी जागा. त्यात भिंतींची जाडी धरली की बिल्ट-अप. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, कुठे वॉचमनची खोली, कुठे क्लब हाउस यांचा वाटा मिळवला की सुपर बिल्ट-अप. किती वाटा मिळवायचा हे बिल्डर ठरवणार. त्याला धंद्यात ‘लोडिंग’ म्हणतात. समजा कार्पेट ६०० चौरस फूट आहे आणि जाहिरातीत ९०० लिहिले. दर सहा हजार सांगितला, किंमत झाली ५४ लाख. प्रत्यक्ष राहायच्या जागेचा दर पडला नऊ हजार. आता लोडिंग किती विचारा. कार्पेटवर मोजलं तर ५० टक्के, सुपरवर मोजलं तर ३३ टक्के. एकाच फ्लॅटचे दोन आकडे, दोन्ही बरोबर, आणि तुम्हाला सांगितला जाणार तो दुसरा.

माझ्या आत्याने नव्वदच्या दशकात ठाण्यात असंच घर घेतलं. रंगीत पुस्तिकेत ‘६२५ चौ. फूट’ एवढंच होतं, पुढे-मागे काही नाही. ताबा मिळाल्यावर पलंग लावला, तर कपाटाचं दार त्याला अडू लागलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, टेप घेऊन मोजायला बसलो. हॉल १० बाय १४, स्वयंपाकघर ८ बाय ९, बेडरूम १० बाय ११, न्हाणीघर ४ बाय ७, संडास साडेतीन बाय चार, तीन फुटी पॅसेज दहा फूट लांब. बेरीज ३९४. बाल्कनीचे ३० धरले तरी ४२४. बिल्डरच्या ऑफिसात गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे करारनाम्याचं पान उघडलं. तिथे ६२५ च्या पुढे कंसात ‘सुपर बिल्ट-अप’ होतं आणि खाली आत्याची सही. ती पुस्तिका तिने अजून जपून ठेवली आहे. मला आजही त्या पुस्तिकेचा राग येतो, कारण आत्याने आयुष्यभराची शिल्लक त्या एका आकड्याकडे बघून दिली होती.

मराठीत तर हा गुंता आणखी वाढतो. सरकारी मराठीत कार्पेट एरियाला ‘चटई क्षेत्र’ म्हणतात. सरकारी घरांच्या सोडतीच्या जाहिरातीत ‘चटई क्षेत्र (चौ.मी.)’ असा रकाना असतो, तो याच अर्थाने. पण ‘एफएसआय’लाही आपण ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ असंच म्हणतो. त्याचा गालिच्याशी काहीही संबंध नाही. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तो सांगतो, आणि ते बांधकाम भिंतींसकट मोजतात. म्हणजे ‘चटई’ हा एकच शब्द एका ठिकाणी भिंतीच्या आतला, दुसऱ्या ठिकाणी भिंतीसकटचा. पुनर्विकासाच्या बैठकीत बिल्डरचा माणूस ‘तुम्हाला इतकी टक्के जास्त चटई मिळेल’ म्हणतो, तेव्हा खुर्चीवर बसलेल्या ज्येष्ठ सभासदांपैकी निम्मे एक अर्थ घेतात, निम्मे दुसरा. कुणीतरी उठून ‘कुठली चटई?’ असं विचारायला हवं असतं, आणि ते विचारायला माणसं संकोचतात. भाषेचे शब्द घडवणाऱ्यांनी हे वेळीच वेगळे करायला हवे होते, असं मला फार वाटतं.

एफएसआयचा दुसरा धागाही जाहिरातीपर्यंत येतो. मुंबईत बरीच वर्षं बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे, डक्टलगतच्या (नळ-पाइपांच्या पोकळीलगतच्या) मोकळ्या जागा एफएसआयमध्ये धरल्या जात नव्हत्या. महापालिकेच्या हिशेबात जी जागा जवळपास नव्हतीच, ती ग्राहकाच्या हिशेबात चौरस फुटाने विकली जात होती. नकाशावर फ्लॉवर बेड, सॅम्पल फ्लॅटमध्ये तीच जागा खिडकीखाली बसायचा कट्टा. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, या जागा एफएसआयमध्ये आल्या आणि त्याबदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत ‘फंजिबल’, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा एफएसआय अधिमूल्य घेऊन दिला गेला. कुंड्या ठेवायची जागा विकण्याचा प्रकार त्यानंतर ओसरला.

पार्किंगचा वाद याच्याही आधीचा. २०१० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका खटल्यात सांगितलं की स्टिल्टखालची किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा मोफाच्या अर्थाने गॅरेज नाही, ती सामाईक जागा आहे, आणि बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही. निकाल स्पष्ट होता. पण तो आल्यावर पार्किंगचे पैसे थांबले असं म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. कागदावर ‘विक्री’च्या जागी ‘वाटप’ आलं, कुठे ‘विकास शुल्क’, कुठे ‘सुविधा शुल्क’.

ग्राहक कायद्यांचा प्रवास यांच्या शेजारून चालला होता. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हा घरबांधणी ही ‘सेवा’ आहे की नाही हेच ठरलेलं नव्हतं. १९९३ मध्ये दुरुस्ती झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला, आणि मगच फ्लॅटधारक ग्राहक मंचाच्या दारात ताठ मानेने उभा राहू लागला.

सगळ्यात मोठा बदल २०१६ च्या रेरा कायद्याने केला, तो १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय जाहिरातच करायची नाही, जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या वेबसाइटचा पत्ता द्यायचा, करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. आणि कलम १२: जाहिरात, माहितीपुस्तिका किंवा सॅम्पल फ्लॅट पाहून कुणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघाली, तर भरपाई द्यायची. त्याला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट सगळे पैसे परत. ‘हे केवळ निमंत्रण आहे’ या जुन्या ढालीला तडा गेला तो इथे. ‘कलाकाराच्या कल्पनेतील दृश्य’ असं बारीक छापून इमारतीभोवती नसलेलं तळं रंगवण्याची सवय मात्र लगेच गेली नाही.

कार्पेटची व्याख्या रेराने कायद्यात पक्की केली, आणि तिथेच नवा गोंधळ सुरू झाला. रेराच्या कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती नाहीत, डक्ट नाहीत, फक्त त्या फ्लॅटच्या वापराची बाल्कनी किंवा गच्चीही नाही. पण आतल्या पार्टिशनच्या भिंती आहेत. भिंतीवर गालिचा अंथरता येत नाही, तरी ती कार्पेट. चार इंची भिंती एकूण ४५ फूट लांब धरल्या तर १५ चौरस फूट होतात, म्हणजे टेप घेऊन खोल्या मोजणाऱ्याची बेरीज करारनाम्याशी जुळणारच नाही. उलट मोफाच्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरलेली आहे. मोफा रद्द झालेला नाही, मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर टाळाटाळ करत असेल तर जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेणं) आजही त्याखालीच होतं. म्हणजे एकाच राज्यात एकाच शब्दाच्या दोन व्याख्या नांदत आहेत, एकीत बाल्कनी आत, दुसरीत बाहेर.

जाहिरातींनी ही फट ताबडतोब ओळखली. ‘रेरा कार्पेट’ लिहिणाऱ्या जाहिराती नीट असतात, त्यांचं कौतुक करायला हवं. पण त्यांच्या शेजारी ‘युजेबल कार्पेट’, ‘टोटल कार्पेट’, ‘सेलेबल एरिया’, ‘लिव्हेबल स्पेस’ असे शब्द उगवले. ‘युजेबल’मध्ये बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी मिळवलेली असते. वापरता येतेच ना ती, मग चुकीचं काय? असं उत्तर विक्रीच्या टेबलावर मिळतं. व्याख्या ‘कार्पेट’ला आहे, ‘युजेबल कार्पेट’ला नाही. मोफाच्या वेळी जे ‘सुपर’ या एका विशेषणाने केलं, ते आता ‘युजेबल’ करतं.

२०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याने ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ या शब्दांना व्याख्या दिली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं, पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ताऱ्याखालच्या मजकुराबद्दल दोन नियम फार मोलाचे आहेत. त्या मजकुराने मुख्य दाव्याच्या विरुद्ध काही सांगायचं नाही, आणि तो दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत असायला हवा. दुसरा नियम मराठी वाचकाने कापून भिंतीवर लावावा असा आहे. कारण आपल्याकडे मथळा मराठीत असतो, ‘स्वप्नातलं घर’, ‘हक्काचं छप्पर’, आणि तळाच्या अटी इंग्रजीत. मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, सोसायटीची दोन वर्षांची आगाऊ देखभाल, मजल्याप्रमाणे वाढणारा दर, हे सगळं त्या इंग्रजीत. ज्या माणसाला मराठीत बोलावलं, त्याला अटी मराठीतच सांगायला हव्यात. हा नियम होऊन वर्षं लोटली तरी परवाच्या रविवारच्या पानांवर मी तीन जाहिराती अशा मोजल्या.

रेराखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘महारेरा’ने, १ ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड ठेवला. त्याच वर्षी जाहिरात क्षेत्रातल्या स्वयंनियमन संस्थेच्या मदतीने जाहिराती तपासायलाही सुरुवात झाली. फोन कोडवर धरला की मंजूर नकाशे, रेरा कार्पेट, पूर्णत्वाची तारीख समोर येते. आत्याला हे मिळालं असतं तर, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

पण हा कोड छापील जाहिरातीत शोधावा लागतो, आणि आताची पहिली जाहिरात छापलेली नसते. ती व्हॉट्सअॅपवर येते. ‘नामांकित ब्रँड, कल्याण-शिळ रोड, लवकरच, ईओआय सुरू, चेक रिफंडेबल*’. बिल्डरचं नाव नाही, प्रकल्पाचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. फक्त एका ‘चॅनल पार्टनर’चा, म्हणजे एजंटचा, मोबाइल नंबर. नोंदणीआधी जाहिरातीला बंदी आहे, म्हणून याला ‘प्री-लाँच’ आणि ‘इच्छा नोंदवणे’ (तेच ‘ईओआय’) म्हणतात. एजंटनेही नोंदणी केलेली असावी लागते आणि रेराची जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातल्या मजकुराला लागू होते, म्हणून असा मेसेज आला तर त्याचा स्क्रीनशॉट काढून तारखेसकट जपून ठेवावा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात तेवढाच कागद असतो.