किती सुटले? मजुरी आणि नफा यांची एका मुंजीच्या हिशेबातून फोड

फोटोग्राफीची ऑर्डर आटोपून रात्री घरी आलो की आई ताट वाढता वाढता विचारायची, ‘किती सुटले?’ मी पेट्रोल, मदतनीस पोराचा रोज आणि अल्बमचे पैसे मनात वजा करून आकडा सांगायचो. आकडा ऐकून तिला बरं वाटायचं, मलाही वाटायचं. पहिले तीन सीझन मी असाच हिशेब केला आणि तिन्ही सीझन धंदा नफ्यात आहे असं मानून चाललो.

‘सुटले’ या एका शब्दात दोन वेगळ्या रकमा एकमेकींत मिसळून बसतात. पहिली मजुरी. तुम्ही सकाळपासून उभे राहिलात, रात्री जागून फोटो निवडले, अल्बमची पानं लावली, त्याचा तो मोबदला. तुम्ही आजारी पडलात की ती थांबते. दुसरा नफा. तो धंद्याचा असतो. सगळा खर्च भागवून आणि काम करणाऱ्या प्रत्येकाची, म्हणजे तुमचीही, मजुरी देऊन जे मागे राहतं तो नफा. नवा कॅमेरा, रिकामे महिने, बुडालेली बाकी हे सगळं त्याच्यावर निभावतं. नव्याने या धंद्यात आलेला फोटोग्राफर दर ठरवताना बहुतेक वेळा या दोन्हींना एकच समजतो, आणि दर तिथेच फसतो.

एका मुंजीचा हिशेब घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या. एका दिवसाचं काम, फक्त फोटो, सोबत एक अल्बम, दर १५,००० रुपये. लाइट धरणाऱ्या पोराचा रोज १,२००, पेट्रोल ६००, अल्बमची छपाई आणि बांधणी ४,५००, पेन ड्राइव्ह, सेल, चहापाणी असं किरकोळ ५००. एकूण ६,८००. राहिले ८,२००. आईला मी सांगायचो तो आकडा हा.

आता त्यातून कॅमेऱ्याची झीज काढा. बॉडी, दोन लेन्स, फ्लॅश, कार्डं आणि लॅपटॉप मिळून तीन लाख गुंतले असं धरू. पाच वर्षांनी हे सगळं विकून पन्नास हजार येतील. म्हणजे अडीच लाख पाच वर्षांत झिजणार, वर्षाला पन्नास हजार. वर्षाला ४० ऑर्डरी असतील तर एका ऑर्डरीवर १,२५० रुपये. त्याशिवाय हार्ड डिस्क, सॉफ्टवेअरचं भाडं, सर्व्हिसिंग, विमा, फोन यांचे वर्षाला तीस हजार धरले तर ऑर्डरीमागे आणखी ७५०. हे दोन हजार त्या दिवशी कोणी मागायला येत नाही, म्हणून ते दिसत नाहीत. ८,२०० चे झाले ६,२००.

मग तास मोजा. आधीची भेट आणि फोन दोन तास. मुंजीचा दिवस दहा तास, कारण मुहूर्त साडेदहाचा असला तरी मातृभोजन त्याआधी असतं आणि भिक्षावळीपर्यंत कॅमेरा खाली ठेवता येत नाही. कॉपी आणि बॅकअप एक तास, निवड पाच, एडिटिंग नऊ, अल्बमची मांडणी आठ. ‘आत्याचा फोटो जरा मोठा करा’ पासूनचे फेरबदल तीन तास, अल्बम आणणं-पोचवणं दोन. झाले चाळीस तास, म्हणजे आठ तासांचे पाच दिवस. ६,२०० ला चाळीसने भागा. तासाला १५५ रुपये.

इथपर्यंत आलात की एकच प्रश्न स्वतःला विचारायचा. त्या दिवशी मला ताप असता आणि माझ्या जागी दुसऱ्याला पाठवावं लागलं असतं, तर काय राहिलं असतं? शूटला येणारा दिवसाचे ४,००० घेईल. निवड, एडिटिंग आणि मांडणी बाहेर दिली तर ३,००० जातील. गिऱ्हाइकाशी बोलणं आणि ने-आण तुमच्याचकडे राहील, त्याचे १,००० धरा. झाले ८,०००. हाती ६,२००. म्हणजे १,८०० रुपये खिशातून. ज्या ऑर्डरीचे ८,२०० सुटले म्हणून घरी सांगितलं, तिच्यात नफा नव्हताच, मजुरीही पुरी निघाली नव्हती. वर्षाच्या ४० ऑर्डरी अशा केल्या तर ७२,००० रुपयांची स्वतःची मेहनत आपण गिऱ्हाइकांना फुकट वाटतो.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. शेतमालाच्या हमीभावासाठी कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो, तेव्हा एक आकडा ‘ए टू’चा असतो, म्हणजे बियाणं, खत, मजूर यांवर प्रत्यक्ष खिशातून गेलेला पैसा. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी मिळवली की दुसरा आकडा होतो. आणि ‘सी टू’मध्ये स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही येतं. २००४ ते २००६ या काळात डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने खर्चावर किमान ५० टक्के जादा भाव मिळावा असं सुचवलं, तेव्हापासून ‘खर्च म्हणजे कुठला खर्च’ यावर भांडण चालू आहे. सोयाबीन काढताना घरातली चार माणसं राबली त्यांचा रोज धरायचा की नाही, हाच तो वाद. घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ थाटून रात्री दोनपर्यंत एडिटिंग करणाऱ्याचा वाद अगदी हाच आहे. ती खोली दुसऱ्याला दिली असती तर भाडं आलं असतं, आणि कॅमेऱ्यात गुंतलेल्या तीन लाखांवर बँकेत व्याज आलं असतं. माझ्या वरच्या हिशेबात तेही धरलेलं नाही.

गोंधळ वाढतो तो आयकराच्या विवरणपत्रामुळे. आपण बहुतेक जण एकट्याच्या मालकीचा, म्हणजे प्रोप्रायटरशिपचा धंदा करतो. त्यात मालकाला स्वतःचा पगार खर्च म्हणून वजा करता येत नाही. मदतनीसाचा रोज वजा होतो, कॅमेऱ्याच्या शिल्लक किमतीवर दर वर्षी १५ टक्के आणि संगणकावर ४० टक्के घसारा, म्हणजे झिजेची वजावट, मिळतो, पण तुमचे चाळीस तास कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. त्यामुळे सीएने हातात दिलेल्या कागदावर ‘निव्वळ नफा’ म्हणून जो आकडा असतो, त्यात तुमची मजुरी पूर्ण मिसळलेली असते. कराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण तोच कागद बघून पुढच्या वर्षीचे दर ठरवू नका. जीएसटीचंही ध्यानात ठेवा: सेवेच्या धंद्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे आणि ती उलाढालीवर मोजतात, नफ्यावर नाही. अल्बमवाल्याचे, ड्रोनवाल्याचे, व्हिडिओवाल्याचे पैसे तुमच्या बिलातून जात असतील तर तेही त्या २० लाखांत येतात. मर्यादा ओलांडली की १८ टक्के लागतात.

मला हा फरक पुस्तकातून कळला नाही. चौथ्या सीझनला एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती. अंतरपाट धरलेला, मामा पाठीशी उभे, मी खुर्चीवर चढून तयार. भटजींनी ‘तदेव लग्नं’ म्हणायला घेतलं, मी बटण दाबलं, आणि ‘खट्‌’ असा अर्धाच आवाज येऊन स्क्रीनवर एरर आला. बॅटरी काढून घातली. पुन्हा तेच. लोकांच्या मुठीत अक्षता तयार होत्या. व्हिडिओवाल्या मित्राने स्वतःच्या बॅगेतली जादाची बॉडी काढून माझ्या हातात कोंबली म्हणून अंतरपाट दूर होतानाचा फोटो मिळाला. त्या मुलीच्या आईवडिलांना यातलं काहीच कळलं नाही, पण माझे हात पंगती उठेपर्यंत थरथरत होते.

शटर गेलं होतं, म्हणजे दर फोटोला उघडझाप करणारा कॅमेऱ्यातला पडदा. ती झिजणारीच वस्तू. कॅननच्या फाइव्ह डी मार्क फोरचं शटर कंपनीने १,५०,००० उघडझापींसाठी तपासलेलं असतं, सोनीच्या ए सेव्हन मार्क थ्रीचं २,००,००० साठी. नेमकं त्याच आकड्याला ते बंद पडतं असं नसतं, आधी जाईल किंवा पुष्कळ पुढेही चालेल. पण एका कार्यक्रमाला १,५०० क्लिक आणि वर्षाला ४० ऑर्डरी म्हटलं तर वर्षाचे ६०,००० झाले. दीड लाख अडीच वर्षांत संपतात. माझं शटर अचानक गेलं नव्हतं, ते दर ऑर्डरीला थोडं थोडं जात होतं आणि मी ते मोजत नव्हतो. नवी बॉडी हप्त्यांवर घ्यावी लागली, कारण तीन सीझनचा माझा ‘नफा’ किराण्यात, बहिणीच्या फीमध्ये आणि गाडीच्या टायरात गेला होता. ते खर्च योग्यच होते. मजुरी घर चालवायलाच असते. पण धंद्यासाठी म्हणून मी कधी काही मागितलंच नव्हतं.

मग दर कसा काढायचा? त्या मुंजीचाच. हातखर्च, म्हणजे त्या कामावर थेट गेलेला पैसा, ६,८००, झीज आणि कायमचे खर्च २,०००, मजुरी ८,०००. पडतळ, म्हणजे काम पडलं त्याची एकूण किंमत, १६,८००. याच्याखाली गेलात तर तुम्ही गिऱ्हाइकाला पैसे देऊन काम करता. त्यावर नफा. मी बिलाच्या २० टक्के धरतो. इथे एक चूक सहज होते: १६,८०० वर २० टक्के चढवले तर २०,१६० होतात, पण त्यातले ३,३६० हे बिलाचे पावणेसतरा टक्केसुद्धा नाहीत. बिलाचा पाचवा हिस्सा नफा हवा असेल तर १६,८०० ही बिलाची ८० टक्के रक्कम असली पाहिजे. म्हणून दर २१,०००, नफा ४,२००. ४० ऑर्डरींना १,६८,०००.

‘एवढा दर आमच्या गावात कोण देणार?’ हा प्रश्न खरा आहे. काही जण देणार नाहीत. तेव्हा मजुरी कापण्याऐवजी काम कापा. अल्बम काढून फक्त निवडक फोटो द्या, तुमचे अल्बमचे साडेचार हजार आणि मांडणीचे आठ तास वाचतात. घासाघीस झाली तर आधी नफ्यातून सोडा. २१,००० चे १८,००० केले तर १,२०० राहतात हे तुम्हाला माहीत असतं, आणि माहीत असलं की नाही म्हणताना आवाज चाचरत नाही. विसार मिळाला म्हणून लगेच लेन्स बघायला जाऊ नका. काम होईपर्यंत तो पैसा ना मजुरी असतो ना नफा.

रिकाम्या महिन्यांचं गणित थोडं वेगळं. चातुर्मासात लग्न-मुंजींचे मुहूर्त नसतात, तेव्हा बारसं, डोहाळजेवण, शाळेचा एखादा कार्यक्रम कमी दरात घ्यावासा वाटतो. घ्या. हातखर्च निघून वर थोडी मजुरी येत असेल तर बसून राहण्यापेक्षा बरं. फक्त बिलावर नेहमीचा दर लिहून खाली सूट वेगळी दाखवा, नाहीतर श्रावणातला दर तुळशीच्या लग्नानंतरही तुम्हाला चिकटतो. आणि अधिक महिना बघून ठेवा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, तो चातुर्मासातच गेला. २०२६ चा अधिक ज्येष्ठ मात्र १७ मे ते १५ जून, भर उन्हाळी सीझनमध्ये. असा महिना मजुरीवर निघत नाही, कारण मजुरी त्या त्या महिन्यात खाऊन संपलेली असते. आधीच्या ऑर्डरींतला नफा बाजूला असेल तरच निघतो.

आता मी दोन खाती ठेवतो. मजुरी घरच्या खात्यात, झिजेचे पैसे आणि नफा धंद्याच्या खात्यात, आणि ऑर्डरीची बाकी जमा झाली की त्याच रात्री वाटणी. गेल्या माघात एकाच मुहूर्तावर दोन मुंजी आल्या. पूर्वी एक सोडली असती. या वेळी दुसऱ्या मुंजीला ओळखीतल्या एका मुलाला माझी जादाची बॉडी देऊन पाठवलं, त्याला त्याचे ४,००० त्याच दिवशी दिले, एडिटिंग आणि मांडणी बाहेरून ३,००० मध्ये करून घेतली. रात्री आईने विचारलं, ‘दोन्हींचे मिळून किती सुटले रे?’ मी वही पुढे ओढून तिला दुसऱ्या मुंजीचं पान दाखवलं. माझी मजुरी हजार, नफा बेचाळीसशे.