क्योतोचे खाणेपिणे : लांबचा समुद्र आणि जमिनीखालचे पाणी

जपानचे सम्राट कान्मू यांनी इ.स. 794 मध्ये हेइआन-क्यो, म्हणजे आजचे क्योतो, वसवले तेव्हा तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मधून वाहणाऱ्या नद्या असलेले खोरे त्यांनी निवडले. राजधानीसाठी ही जागा उत्तम होती. मात्र मासळीवर जगणाऱ्या देशाचा दरबार समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर जाऊन बसला. क्योतोत आज कुठे काय खावे याचे उत्तर मला बरेचसे या निवडीत सापडते. जे ताजे मिळत नव्हते ते टिकवून आणण्याची कला आणि जे पायाखाली मुबलक होते त्या गोड्या पाण्याचा उपयोग, या दोन गोष्टींवर हजाराहून अधिक वर्षांची ही खाद्यपरंपरा उभी राहिली.

उत्तरेकडचे जवळचे बंदर म्हणजे वाकासा आखातावरील ओबामा. तिथे उतरलेला साबा, म्हणजे बांगड्याच्या जातीचा मासा, किनाऱ्यावरच खारवला जाई आणि पाठीवर लादून सुमारे अठरा री, म्हणजे सत्तर किलोमीटरच्या आसपासची डोंगरवाट तुडवत क्योतोच्या देमाची भागात आणला जाई. वाटेतल्या वेळात मीठ मासळीत नेमके मुरत असे, त्यामुळे प्रवासाचा विलंब हाच पाककृतीचा भाग होऊन गेला. या वाटेला आजही ‘साबा काइदो’ म्हणतात. खारवलेला साबा व्हिनेगरमध्ये मुरवून आणि भातावर दाबून केलेली साबाझुशी क्योतोत सणावाराला, विशेषतः गिओन उत्सवात, घरोघरी होत असे. गिओनमधील ‘इझुउ’ हे दुकान 1781 पासून ती विकत आले आहे. तिथली साबाझुशी कोम्बु या समुद्री वनस्पतीच्या जाड पट्टीत गुंडाळून येते. खाताना ती पट्टी काढून ठेवायची असते, कारण तिचे काम आधीच झालेले असते.

उन्हाळ्यात जिवंत पोहोचू शकणारा मासा होता हामो, कोकणात ज्याला वाम म्हणतात त्याच कुळातला. तो चिवट असल्याने किनाऱ्यापासूनचा प्रवास सोसत असे, पण त्याच्या मांसात बारीक काट्यांचे जाळे असते. त्यावर उपाय म्हणून जड सुरीने, खालची कातडी न तुटू देता, एका सुनात, म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटरमध्ये, चोवीसच्या आसपास छेद देण्याचे कसब रूढ झाले. असा मासा उकळत्या पाण्यात सोडला की फुलासारखा उमलतो. जुलैमध्ये क्योतोत असणाऱ्याने तो चुकवू नये.

होक्काइदोचा कोम्बु आणि सुकवलेला हेरिंग मासा एदो काळात (1603–1868) कितामाएबुने या व्यापारी जहाजांतून त्सुरुगा आणि ओबामाला येई आणि पुढे बिवा सरोवरामार्गे शहरात पोहोचत असे. क्योतोचे पाणी मृदू असल्यामुळे कोम्बुचा रस त्यात चांगला उतरतो. इथल्या रश्श्यांचा फिका रंग आणि खोल चव त्यातूनच आली. मिनामिझा नाट्यगृहाजवळच्या ‘मात्सुबा’ या उपाहारगृहाने 1882 मध्ये गोडसर शिजवलेला सुका हेरिंग सोब्याच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांच्या, वाडग्यात घातला, आणि हा पदार्थ आता शहराची ओळख आहे.

निशिकी बाजाराची कथाही पाण्याचीच आहे. गारेगार विहिरींमुळे मासळी ताजी राहते, म्हणून या गल्लीत मासेविक्रेते जमले आणि 1615 मध्ये त्यांना शासनाची अधिकृत परवानगी मिळाली. प्रख्यात चित्रकार इतो जाकुचू (1716–1800) याच गल्लीतील भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याच्या घरात जन्मले आणि 1771 च्या सुमारास बाजार बंद पडण्याची वेळ आली तेव्हा तो वाचवण्यासाठी त्यांनी खटपट केली. सुमारे 390 मीटरची ही अरुंद गल्ली आज पर्यटकांनी गजबजलेली असते. तिथे लोणची, युबा (सोयाबीनच्या दुधावरची साय) आणि स्थानिक भाज्यांच्या जुन्या दुकानांसमोर जास्त वेळ थांबणे मला योग्य वाटते.

मांस-मासळी वर्ज्य असलेल्या झेन मठांत तोफू आणि युबा यांना मोठे स्थान मिळाले, आणि दोन्हींची प्रत पाण्यावर अवलंबून असते. नान्झेनजी मंदिराच्या परिसरात कोम्बु घातलेल्या गरम पाण्यातला तोफू, म्हणजे युदोफू, देणारी उपाहारगृहे आहेत. त्यांपैकी ‘ओकुतान’ आपली परंपरा 1635 पासूनची सांगते. शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तोफू शाकाहारी असला तरी सोबतच्या सॉसमध्ये सुक्या बोनितो माशाचा अर्क असू शकतो. पूर्ण शाकाहाराची खात्री हवी असेल तर मठाचे शोजिन, म्हणजे मांस-मासळी वर्ज्य असलेले, जेवण घ्यावे, उदाहरणार्थ आराशियामातील तेन्र्युजी मंदिराच्या ‘शिगेत्सु’मध्ये.

सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्या चहाविधीबरोबर वाढल्या जाणाऱ्या साध्या, मोजक्या जेवणाचा संस्कार आजच्या महागड्या काइसेकी, म्हणजे एकेक पदार्थ क्रमाने वाढल्या जाणाऱ्या, भोजनावर आहे. कामो नदीकाठच्या पोन्तोचो गल्लीत मे महिन्यापासून नदीच्या बाजूला लाकडी मचाणे उभारून जेवण वाढतात. खोऱ्यातल्या दमट उकाड्यावरचा हा एदोकालीन उपाय आहे.

पिण्याच्या बाबतीत मात्र शहराच्या दक्षिणेला, फुशिमीला गेलेच पाहिजे. जपानचे तेव्हाचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथे किल्ला बांधला, नदीबंदर विकसित केले, आणि भातासाठी व साके या तांदळाच्या मद्यासाठी वाहतूक सोपी झाली. साके बनवणाऱ्या ‘गेक्केइकान’ची स्थापना 1637 ची. कोबेजवळच्या नादा भागातील पाणी कठीण असल्यामुळे तिथे आंबण्याची क्रिया जोमाने होते आणि साके करकरीत उतरते. फुशिमीच्या तुलनेने मृदू पाण्यात ती संथ चालते आणि साके मऊ, किंचित गोडसर होते. जानेवारी 1868 च्या तोबा-फुशिमी लढाईत गावाचा मोठा भाग जळाला, पण पाणी शाबूत होते, आणि रेल्वे आल्यावर इथली साके तोक्योच्या बाजारात पोहोचली.

त्याच पाण्यासाठी 1920 च्या दशकात इथले उत्पादक रेल्वेविरुद्ध उभे राहिले. क्योतो-नारा मार्ग फुशिमीतून भुयारी नेण्याचा बेत होता. भुयारामुळे भूजलाचे प्रवाह तुटतील असा आक्षेप त्यांनी घेतला, भूगर्भाची तपासणी झाली, आणि अखेर 1928 मध्ये सुरू झालेला तो मार्ग उंच पुलावरून नेण्यात आला. आजच्या किन्तेत्सू गाड्या मोमोयामा-गोर्योमाए स्थानकात याच पुलावर थांबतात. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गोकोनोमिया देवस्थानाचा झरा आणि साकेच्या जुन्या वखारी आहेत, आणि वखारींतल्या विहिरींना अजून पाणी आहे.