शिक्षकांनी एकत्र बसावं, पण बोलावं वहीबद्दल

कोणत्या प्रशिक्षणाचा वर्गात खरा उपयोग झाला, असं शिक्षकांना विचारलं की सहकाऱ्यांसोबत, आपल्याच विषयावर केलेल्या कामाचा उल्लेख हमखास होतो. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने अनेक देशांतल्या शिक्षकांच्या केलेल्या २०१८ च्या 'टालिस' सर्वेक्षणातही हेच दिसलं. तरी एकमेकांकडून शिकण्याची अशी संधी मिळालेले शिक्षक होते ४४ टक्केच.

मुलांपर्यंत त्यातलं किती पोहोचतं? इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत 'लेसन स्टडी'ची, म्हणजे शिक्षकांनी मिळून पाठ आखून एकमेकांचे तास बघण्याच्या पद्धतीची, मोठी चाचणी झाली. शिक्षकांना ही पद्धत उपयुक्त वाटली, पण २०१७ च्या अहवालानुसार मुलांच्या गणित-वाचनाच्या गुणांत फरक पडला नाही. तुलनेसाठी निवडलेल्या काही शाळांतही एकमेकांचे तास बघणं सुरूच होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. तरीही शिक्षकांचं समाधान म्हणजे मुलांची प्रगती नव्हे, एवढं नक्की.

ही पद्धत मूळची जपानची. तीन ते सहा शिक्षक एकच पाठ मिळून आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे बघतात. बघायचं मुलांकडे, शिकवणाऱ्याकडे नाही. प्रत्येक निरीक्षकाने दोन-तीन मुलं वाटून घ्यावीत आणि ती काय बोलतात, काय खोडतात, ते जसंच्या तसं टिपावं.

सगळ्यांत मोलाचा भाग पाठाआधीचा असतो: मुलं कुठे चुकतील याचा अंदाज लिहून ठेवणं. समजा, १/२ + १/३ ची बेरीज आहे. बरीच मुलं २/५ लिहितात, कारण ती वरचे आकडे वेगळे आणि खालचे वेगळे मिळवतात. २/५ हे तर अर्ध्यापेक्षाही कमी! अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून लहान कसं झालं, हे मुलाला कागदाच्या पट्टीवर बघू द्यायचं की आधी समच्छेद शिकवायचा, यावर गटाचा खरा वाद व्हायला हवा.

बिघडतं ते नंतरच्या चर्चेत. 'तास छान झाला' म्हणून सगळे उठतात, कारण सहकाऱ्याला दुखवायचं नसतं. म्हणून पहिलं वाक्य वहीतलंच हवं: 'या मुलीने २/५ लिहून खोडलं, मग ५/६ लिहिलं. मध्ये काय घडलं?' निरीक्षकाने मुलाला उत्तर सुचवलं, तर ही नोंदच हाती लागत नाही. आणि दर बैठकीला नवा विषय घेतला, तर सुधारलेला पाठ दुसऱ्या वर्गात पुन्हा घेऊन बघायचं राहूनच जातं.